एक्सेल आणि टॅलीच्या मधलं सॉफ्टवेअर बनवलंय, पण विकत कोण घेणार?

कोड_आणि_कटिंग

मंडळी, पोस्ट लांबलचक आहे, पण वाचा आणि खरं खरं सांगा, कौतुक नकोय.

मी पुण्यात आयटीत आहे, बरीच वर्षं बँकांच्या बॅक ऑफिसची सॉफ्टवेअरं लिहितोय. मेव्हण्याचं भोसरीत मशीन शॉप आहे, तिथले अकाउंटंट काका रोज सकाळी बँकेच्या साइटवरून स्टेटमेंट एक्सेलमध्ये उतरवून घेतात, त्यात स्वतःच्या पद्धतीने रंग मारतात (पिवळा म्हणजे पार्टीचा पत्ता लागत नाहीये, हिरवा म्हणजे एंट्री झाली) आणि मग एका बाजूला एक्सेल, दुसऱ्या बाजूला टॅली (हिशेबाचं सॉफ्टवेअर) ठेवून एकेक ओळ हाताने टाकतात. त्यांच्यासाठी मी हा मधला तुकडा लिहिला. एक्सेल तसंच राहतं, काकांचे रंगही तसेच राहतात, फक्त उजवीकडे एक पट्टी उघडते, तिथे कॉलम एकदा जुळवून द्यायचे, हा तारखेचा, हा नावेचा, हा जमेचा, हा पार्टीचा, आणि बटण दाबलं की ओळी एक्सएमएल (एका सॉफ्टवेअरने दुसऱ्याला डेटा द्यायची पद्धत) होऊन टॅलीच्या ९००० पोर्टवर, म्हणजे तिच्या डेटा घ्यायच्या दारावर जातात, टॅली किती बनल्या किती अडकल्या ते सांगते आणि ते उत्तर त्याच ओळीसमोर लिहून येतं. उलट्या बाजूनेही चालतं. सेलमध्ये फॉर्म्युला लिहा, लेजरचं (खात्याचं) नाव आणि तारीख द्या, त्या दिवसाची बाकी येऊन बसते. ज्यांनी शेअर बाजाराचा डेटा देणाऱ्या ब्लूमबर्गचं एक्सेल अ‍ॅड-इन वापरलंय त्यांना लगेच कळेल, तिथे =बीडीपी लिहिलं की शेअरचा भाव येतो, इथे पार्टीकडचं येणं येतं.

आता प्रश्न. हा धंदा होऊ शकतो का? माझं गणित असं, देशात दीड कोटीच्या आसपास जीएसटी नंबर आहेत, टॅली स्वतः सांगते की २० लाखांच्या वर धंदे तिच्यावर चालतात, त्यातल्या शंभरात एकाने जरी वर्षाला ३००० रुपये दिले तरी ६ कोटी होतात. बायको म्हणते आधी पैसे देणारा एक तरी माणूस आणून दाखव, मग कोटी मोज. तर विकायचं कुणाला, दुकानदाराला, अकाउंटंटला की सीएला? आणि एक्सेलमध्येच ठेवू की सरळ वेबसाइट करू? मित्र म्हणतात एक्सेल जुनाट वाटतं, गुंतवणूकदार विचारत नाहीत.

सीए_मिरज

शंभरात एकवालं गणित आधी पुसून टाका. त्यातल्या निम्म्या लोकांची खाती वर्षातून एकदाच लिहिली जातात, ती पण आमच्याकडे पिशवी आल्यावर.

कामाचं बोलतो. आमच्या ऑफिसात महिना असा जातो, ११ तारखेला जीएसटीआर-१ (विक्रीचं रिटर्न), १४ ला पोर्टलवर २बी (सप्लायरनी भरलेल्या बिलांची यादी) येतं, २० ला ३बी (कर भरायचं रिटर्न) भरायचं. म्हणजे १४ ते २० आमच्याकडे कुणी धड जेवत नाही. पूर्वी २बी मध्ये बिल नसलं तरी थोडं जास्तीचं क्रेडिट (खरेदीवर दिलेल्या जीएसटीची वजावट) घेता यायचं, आधी २० टक्के, मग १०, मग ५, आणि १ जानेवारी २०२२ पासून तेही बंद, बिल २बी मध्ये दिसलं तरच क्रेडिट. त्यामुळे क्लायंटचं खरेदी रजिस्टर आणि २बी ची फाइल शेजारी शेजारी लावून जुळवणं हेच सगळ्यात मोठं काम झालंय. आणि दोन्ही गोष्टी एक्सेलच आहेत, पोर्टल पण एक्सेलच देतं, त्यामुळे जे एक्सेल सोडायला सांगतात त्यांना मी दारातूनच परत पाठवतो.

तुमचं सॉफ्टवेअर एंट्री टाकतं, चांगलंय, पण एंट्री टाकायला माझ्याकडे आर्टिकलची (सीएचं शिकणारी) पोरं आहेत. जीव जातो तो जुळवण्यात. क्लायंटच्या रजिस्टरला बिल नंबर ४५, सप्लायरने पोर्टलवर भरलाय एसटी/२४-२५/००४५, कारण १६ अक्षरांपर्यंत वाटेल तसा नंबर ठेवायची मुभा आहे आणि लोक ती पुरेपूर वापरतात. रक्कम एका रुपयाने वेगळी, कुणीतरी राउंड ऑफ केलंय. तारीख एका दिवसाने वेगळी. माणसाला बघितल्या बघितल्या कळतं की हे एकच बिल आहे, व्हीलुकअपला (एक्सेलच्या शोधायच्या फॉर्म्युल्याला) बापजन्मात कळणार नाही. त्यात एक्सेलचा शहाणपणा वेगळाच, ३/२४ बिल नंबर लिहिला की त्याचा मार्च २०२४ करतो, ००४५ चे पुढचे शून्य खातो, ई-वे बिलाचा बारा आकडी नंबर १.२३ई+११ असा दाखवतो, आणि १६ आकडी बँक खातं नंबर म्हणून टाकलं की शेवटचा आकडा गुपचूप शून्य, कारण १५ आकड्यांच्या पुढचं तो धरतच नाही. एकदा फाइल सेव्ह झाली की मूळ आकडा गेला तो गेलाच. बँकेच्या सीएसव्हीत (स्वल्पविरामांनी तोडलेल्या साध्या मजकुराच्या फाइलीत) तर कहर, तारखेच्या एकाच कॉलमात अर्ध्या तारखा उजवीकडे चिकटलेल्या आणि अर्ध्या डावीकडे. डावीकडच्या त्याला तारीख म्हणून कळल्याच नाहीत, आणि उजवीकडच्या कळल्यात पण महिना-दिवस उलटे करून, ३ एप्रिलचा ४ मार्च. मार्चअखेरीस हे वर्षच बदलतं. हे सगळं तुमचा तुकडा टॅलीत ढकलायच्या आधी पकडतो का? पकडत असेल तर आपण बोलू.

अजून एक. जे सप्लायर तिमाही रिटर्नवाले आहेत त्यांचं बिल या महिन्यात २बी मध्ये नसतंच, दर महिन्याला बिलं चढवायची सोय त्यांना आहे पण बरेच जण करत नाहीत. म्हणजे ‘बिल नाहीये’ आणि ‘बिल अजून यायचंय’ या दोन वेगळ्या याद्या लागतात. पहिल्या यादीवाल्याला फोन करून शिव्या घालायच्या, दुसऱ्याला नुसतं लक्षात ठेवायचं.

पैसे कोण देणार म्हणाल तर क्लायंट नाही, त्याला वाटतं हे सगळं सीएच्या फीमध्येच आलं. सीए देईल, पण ऑफिसमागे एकरकमी, क्लायंटमागे मोजायला लागलात की नमस्कार. आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात विकायला निघू नका, ऑडिटच्या धावपळीत तुमचा फोन कुणी उचलणार नाही.

इचलकरंजी_खातेवही

भावा काम चांगलं केलंस, नाद नाही, पण टॅलीनं ४.० आवृत्तीत स्वतःच एक्सेल इंपोर्ट दिलंय की. २०२३ च्या शेवटाला आलं ते. त्याच्या आधी आम्ही टीडीएल (टॅलीला जोडायचा कोड) घालून तेच करत होतो, कोण तरी ओळखीचा पेन ड्राइव्हवर देऊन जायचा, फुकट. मग तुझ्या ३००० ला मालक काय म्हणणार? आमचा म्हणतो, “मग तुला कशाला ठेवलाय?”

मी यंत्रमागवाल्यांची खाती लिहितो, चार-पाच जणांची. एंट्रीचं मला काही वाटत नाही, डोळे झाकून होते. खरी वाट लागली ती २०२४ च्या मार्चात, इन्कम टॅक्सचं ४३बी(एच) कलम आलं तेव्हा. लहान सप्लायरचं बिल ४५ दिवसांत नाही भागवलं, आणि लेखी करार नसंल तर १५ दिवसांतच, तर तो खर्च त्या वर्षाला धरायचा नाही, वर टॅक्स भरायचा. मालकानं मला सांगितलं कुणाचं किती थकलंय त्याची यादी दे संध्याकाळपर्यंत. आता टॅलीत एजिंग रिपोर्ट (कुठलं बिल किती दिवस थकलंय त्याचा) आहे, बटण दाबलं, आला, आणि सगळा खोटा. का? मालक पार्टीला पैसे देतो गोल आकड्यात. दोन लाख दिले. कुठल्या बिलाचे? “दे रे, हिशेबात धर.” मग आम्ही ते ऑन अकाउंट (कुठल्याच बिलाला न लावता) टाकून मोकळं. म्हणजे टॅलीच्या लेखी बिलं सगळी उघडी आणि पैसे बाजूला वेगळे पडलेले. मग सगळं एक्सेलला काढलं, जुन्या बिलापासून पैसे लावत आलो, त्यात कोण उद्यम नोंदणीत सूक्ष्म आहे, कोण लघु आहे, कोण नुसता व्यापारी आहे म्हणजे त्याला हे लागूच नाही, ते फोन करकरून विचारलं. पहाट झाली.

तुझं ते मधलं सॉफ्टवेअर जर ऑन अकाउंटचे पैसे उचलून जुन्या बिलाला लावायचं सुचवत असंल, नुसतं सुचवायचं हां, टाकायचं आम्ही बघून, तर आमचा मालक पण खिशात हात घालतोय, कारण इथं त्याचा स्वतःचा टॅक्स वाचतो. पोरगं वेगानं टायपिंग करतंय याचं त्याला कौतुक नाही.

कोड_आणि_कटिंग

@सीए_मिरज सर, तारखांचं पकडतो, बिल नंबरचं नाही. एक्सेलने आधीच ३/२४ चा मार्च करून ठेवला असेल तर माझ्या हातात तारीखच येते, मग मूळ काय होतं ते ओळखायचं कसं? त्यावर एकच सुचतंय की फाइल एक्सेलने उघडायच्या आधीच माझ्या तुकड्याने सीएसव्ही वाचायची आणि ते कॉलम टेक्स्ट म्हणून शीटमध्ये ओतायचे.

@इचलकरंजी_खातेवही दादा, ४.० चं इंपोर्ट मी बघितलंय, टेम्प्लेट करून ठेवलं की नीट चालतं. माझी भीती तीच आहे, मी दोन वर्षं घासायची आणि मग मूळ कंपनीने पुढच्या रिलीजमध्ये तेच फुकट द्यायचं, आयत्या बिळावर नागोबा. ऑन अकाउंटचं मात्र डोक्यात नव्हतं, ते लिहून ठेवलं.

अजून एक विचारायचं होतं. बँकेचं स्टेटमेंट पीडीएफमधून काढायच्या ऐवजी अकाउंट अ‍ॅग्रिगेटरकडून घेता येईल का? म्हणजे मालकाने मोबाइलवर संमती दिली की डेटा सरळ शीटमध्ये.

टॅलीवाला_नाशिक

अ‍ॅग्रिगेटरचं आधी सांगतो, नाही घेता येणार. त्या चौकटीत डेटा घेणारी संस्था स्वतः रिझर्व्ह बँक, सेबी, विमा किंवा पेन्शनच्या नियामकाखाली असावी लागते. तुमची सॉफ्टवेअरची प्रायव्हेट लिमिटेड त्यात बसत नाही. एखाद्या एनबीएफसीला (बँक नसलेल्या वित्त कंपनीला) चिकटून जाल तर वेगळं, पण मग तुम्ही कर्जाच्या धंद्यात शिरलात, तो वेगळा उद्योग. बँकेची एक्सेल-सीएसव्ही वाचा आणि गप्प बसा.

आता मधल्या तुकड्याबद्दल. मी टॅलीचा धंदा करतो, वर असे चार-दोन जोडतुकडे पण विकलेत, त्यामुळे कुठे घोडं अडतं ते माहितीय. सॉफ्टवेअर लिहिणं हा लहान खर्च असतो, मोठा खर्च फोन उचलण्याचा. नमुन्यादाखल ऐका.

“तुमचं सॉफ्टवेअर चालत नाही.” जाऊन बघितलं तर टॅली एज्युकेशनल मोडमध्ये, लायसन्सच नाही, त्यात महिन्याच्या काही ठरावीक तारखा सोडून एंट्रीच घेत नाही. माझा काय दोष? दुसरा फोन, पार्टीचं नाव पाटील अँड सन्स, पण त्यातलं अँड चिन्हाने लिहिलेलं. एक्सएमएलमध्ये ते चिन्ह तसंच गेलं की सगळा गठ्ठाच मोडतो, आणि टॅली जे सांगते त्यावरून अकाउंटंटला कळणं अशक्य की एका चिन्हापायी सगळं अडलंय. तिसरा, आणि हा आता रोजचा झालाय, ‘क्लाउड टॅली’. म्हणजे टॅली कुठल्यातरी सर्व्हरवर, माणूस रिमोट डेस्कटॉपने आत जातो, पण एक्सेल मात्र त्याच्या स्वतःच्या लॅपटॉपवर. आता तुमचं एक्सेल ९००० पोर्ट शोधतंय लॅपटॉपवर, तिथे टॅली आहेच कुठे? त्या सर्व्हरवाल्याला पोर्ट उघडायला सांगा, तो नाही म्हणणार आणि बरोबर म्हणणार, कारण त्या पोर्टला कुलूप-किल्ली काही नसते, जो पोहोचला त्याने वाचावं नाहीतर लिहावं.

सगळ्यात वाईट म्हणजे दुबार एंट्री. बटण दाबलं, नेट किंवा टॅली मध्येच अडकली, उत्तर आलं नाही, अकाउंटंटने परत दाबलं. अर्ध्या एंट्र्या दोनदा. त्याला कळतं महिन्याने, बँक जुळत नाही तेव्हा. म्हणून प्रत्येक ओळीला स्वतःचा ओळख नंबर द्या, तो व्हाउचरबरोबर (टॅलीतल्या नोंदीबरोबर) पाठवा आणि परत आला तर नवीन बनू देऊ नका. हे आज केलं नसेल तर आजच करा, बाकी फिचर नंतर.

कंपनी क्लायंट असेल तर अजून एक भानगड. १ एप्रिल २०२३ पासून कंपन्यांना अकाउंटिंग सॉफ्टवेअरमध्ये ऑडिट ट्रेल (प्रत्येक बदलाची नोंद) सक्तीचा आहे, बंद करता येत नाही असा. तुमच्या तुकड्याने चुकून पाचशे व्हाउचर टाकली, मग पुसली, परत टाकली, ते सगळं लॉगमध्ये कायमचं. ऑडिटर विचारणार हे काय आहे, अकाउंटंट बोट दाखवणार तुमच्याकडे. प्रोप्रायटर आणि भागीदारीला हा नियम नाही, पण पैसे द्यायची ऐपत कंपन्यांचीच जास्त, म्हणजे तिढा बघा.

एक्सेलमध्येच ठेवा, त्यात दुमत नाही. फक्त मॅक्रोवर (एक्सेल फाइलीतच लिहिलेल्या कोडवर) उभारू नका, नेटवरून आलेल्या फाइलचे मॅक्रो २०२२ पासून एक्सेल आपणहून अडवतं, एक्सएलएल अ‍ॅड-इनचंही पुढे तेच झालं. सही केलेला इन्स्टॉलर लागेल. आणि निम्म्या ऑफिसात ऑफिस २०१० आहे, कुठून आलंय विचारू नका.

ठाणे_फास्ट_लोकल

मी मुंबईत बीकेसीत एका मोठ्या ग्रुपच्या ट्रेझरीत (कंपनीचा पैसा सांभाळणाऱ्या विभागात) काम करते, त्यामुळे वरच्यांपेक्षा वेगळ्या टोकाकडून बोलतेय.

कोड_आणि_कटिंग, एक्सेल जुनाट वाटतं म्हणणाऱ्या मित्रांना सांगा की तुम्ही जे बनवलंय त्या जातीचं सॉफ्टवेअर १९९२ पासून विकलं जातंय. एसबेस नाव आहे त्याचं, अर्बर नावाच्या कंपनीने काढलं, पुढे हायपेरियनकडे गेलं, २००७ मध्ये ओरॅकलने हायपेरियनच विकत घेतली. ‘एक्स्टेंडेड स्प्रेडशीट डेटाबेस’चं ते लघुरूप, म्हणजे नावातच स्प्रेडशीट आहे. आकडे मागे एका जागी, वर एक्सेलची शीट, रिफ्रेश दाबलं की नवीन आकडे. आजही आमच्याकडे तिमाही निकालाच्या आधी लोक तेच करत बसलेले असतात. आता इस्रायलची डेटारेल्स, कॅनडाची व्हेना, यांचा सगळा धंदाच ‘तुमचं एक्सेल सोडू नका’ या वाक्यावर उभा आहे. त्यामुळे मार्केट आहे का हा प्रश्न नाहीच, ते तीस वर्षांपूर्वी सिद्ध झालंय. फक्त ते पैसे कशाचे घेतात ते बघा. टायपिंग वाचवण्याचे नाही. शीटमधला आकडा कुठून आला, कधी आला, कुणी बदलला, हे सांगण्याचे.

२०१२ चं जेपी मॉर्गनचं प्रकरण आठवा, लंडनच्या डेस्कवर ६०० कोटी डॉलरच्या वर बुडाले. चौकशीत जे बाहेर आलं त्यात एक गोष्ट अशी की जोखीम मोजायचं मॉडेल एक्सेलच्या अनेक शीटवर चालायचं आणि एका शीटमधून दुसरीत आकडे हाताने कॉपी-पेस्ट व्हायचे, त्यात एका ठिकाणी सरासरीने भागायचं तिथे बेरजेने भागलेलं, त्यामुळे जोखीम कमी दिसायची. नुसत्या त्या एका भागाकारामुळे पैसे बुडाले असं नाही, सौदेच भयंकर होते, पण त्यानंतर मोठ्या ठिकाणी कॉपी-पेस्ट हा शब्द उच्चारला की कंट्रोलरच्या (हिशेब विभागाच्या प्रमुखाच्या) कपाळाला आठी पडते. ती आठी म्हणजे तुमचं गिऱ्हाईक.

म्हणून माझं मत, टॅलीत लिहिणारा भाग बाजूला ठेवा आणि टॅलीतून वाचणारा विका. लिहिलं की जबाबदारी तुमची, वरच्या नाशिकच्या दादांचे सगळे फोन लिहिण्यामुळेच आलेत बघा. वाचताना बिघडलं तर फार तर आकडा येणार नाही, कुणाची खाती बिघडणार नाहीत.

वाचून करायचं काय? एकाच घरातल्या चार-पाच कंपन्या असतात ना, एक कारखाना, एक ट्रेडिंग, एक जागा भाड्याने देणारी, एक मुलाच्या नावाची. प्रत्येकीची टॅली वेगळी. बँक कर्जासाठी एकत्र ताळेबंद मागते आणि मग सीएकडे महिनाभर एक्सेल चालतं. माझ्या मामेभावाच्या घरात हेच आहे. लाइटचं बिल एका कंपनीत ‘लाइट बिल’, दुसरीत ‘इलेक्ट्रिसिटी एक्स्पेन्सेस’, तिसरीत नुसतं ‘एमएसईबी’. हे एकदा एका शीटवर जुळवून ठेवलं की दर महिन्याला आपोआप एकत्र यायला हवं. मग आपसातले व्यवहार वजा करायचे. ट्रेडिंगने कारखान्याला ५ लाखांच्या कामाचं बिल दिलं, जीएसटी धरून ५,९०,०००. कारखान्याने त्यावर २ टक्के टीडीएस कापून देणं लिहिलं ५,८०,०००. ट्रेडिंगवाल्याने टीडीएसची एंट्री अजून केलेलीच नाही, त्याच्याकडे येणं ५,९०,०००. आता वजा करायला गेलं की १० हजार लोंबकळतात आणि ते शोधायला दुपार जाते. तुमच्या फॉर्म्युल्याने दोन्ही टॅलीतून दोन्ही बाक्या शेजारी शेजारी आल्या आणि फरक टीडीएसएवढाच आहे असं शेजारी लिहून आलं तर त्या दुपारचे पैसे लोक देतात. असं घर वर्षाला ३००० नाही, त्याच्या दहापट देईल, आणि अशी घरं एमआयडीसी असलेल्या प्रत्येक गावात आहेत.

संत्रानगरी_४४०

ताई, तुमचं पटलं, पण वाचायचंच असन तर टॅलीला ओडीबीसी (डेटा बाहेर काढायची जोडणी) आहे ना बाप्पा. एक्सेलमध्ये पॉवर क्वेरी (बाहेरचा डेटा आत आणायची सोय) २०१६ पासून आतच आहे. मी दोन्ही जोडून घरीच करून राहिलो, एक रुपया लागला नाही. मग हा भाऊ काय विकणार?

ठाणे_फास्ट_लोकल

तुम्ही करू शकता म्हणून तुम्ही गिऱ्हाईक नाही, इतकंच. पॉवर क्वेरी उघडून दाखवा म्हटलं तर आमच्या ऑफिसातल्या दहातल्या आठ जणांना तो मेन्यू कुठे आहे ते माहीत नाही, आणि ही मोठ्या कंपनीची गोष्ट सांगतेय. शिवाय तुम्ही नोकरी सोडलीत की ती क्वेरी अनाथ. पुढचा माणूस एरर बघतो आणि परत हाताने टाकायला लागतो.

सीए_मिरज

ठाणेकर मॅडमचं म्हणणं अर्धं मान्य. वाचणारं विका हे बरोबर, पण लिहिणारं काढून टाकू नका, नाहीतर ऑफिसातली पोरं ते उघडणारच नाहीत. मालकाला रिपोर्ट हवा असतो, पोरांना टायपिंग नको असतं, आणि इन्स्टॉल करायचं की नाही ते शेवटी पोरंच ठरवतात, साहेबांना सांगतात “सर, हे हँग होतं” आणि विषय संपतो. बँकेच्या एंट्र्यांपुरतं लिहू द्या, बाकी नको. आणि लिहायच्या आधी एक हिरवी-पिवळी शीट दाखवा, माणसाने बघून हो म्हटल्यावरच जाऊ द्या. ते तुमच्या काकांचे रंग आहेत ना, तेच ठेवा, चांगली पद्धत आहे.

वेबसाइट करू की नको, याचं माझं उत्तर ‘करू नका’. माझ्या क्लायंटची विक्री, त्याचे सप्लायर, त्याची बँक, हे सगळं तुमच्या सर्व्हरवर गेलेलं मला चालणार नाही, आणि क्लायंटला विचारलं तर तो मलाच बदलेल. गावात दोन स्पर्धकांची खाती एकाच सीएकडे असतात हो. ऑफिसच्या मशिनवर चालणार असेल तरच बघतो.

इचलकरंजी_खातेवही

सीए साहेब बरोबर बोलले. आमच्याकडे तर समोरासमोरच्या दोन शेडवाल्यांची खाती मीच लिहितो, एकाचा सुताचा भाव दुसऱ्याला कळला तर मला गाव सोडावं लागंल.

कोड_आणि_कटिंग

सगळ्यांना मनापासून धन्यवाद, एवढं अपेक्षित नव्हतं. म्हणजे क्रम असा लावतोय, ओळख नंबर देऊन दुबार एंट्री बंद करणं सगळ्यात आधी, मग २बी जुळवणं आणि ऑन अकाउंटचे पैसे बिलांना लावायचं सुचवणं, आणि अनेक कंपन्यांचं एकत्रीकरण मोठं गिऱ्हाईक म्हणून त्यानंतर. नोकरी सोडत नाही. वेबसाइट रद्द, फक्त लायसन्स तपासायला नेट लागेल.

दोन अडचणी राहतात. क्लाउड टॅलीवाल्यांचं काय करू? आणि बिल नंबर जुळवायला मी असं धरतोय की आधी चिन्हं आणि पुढचे शून्य काढायचे, आर्थिक वर्षासारखं दिसणारं २४-२५ काढायचं, मग उरलेला आकडा, सप्लायरचा जीएसटी नंबर आणि रक्कम दोन रुपयांच्या फरकाने जुळली तर ‘बहुतेक तेच’. चालेल?

टॅलीवाला_नाशिक

क्लाउडवाल्यांना सांगा एक्सेल पण तिथेच, सर्व्हरवर चालवा. ज्याच्या सर्व्हरवर एक्सेल नसेल त्याला विकूच नका, पहिलं वर्ष तरी.

सीए_मिरज

चालेल, पण २४-२५ डोळे झाकून काढू नका. काही जणांची बिल मालिकाच २४ ची असते, २४ नंबरचं पुस्तक आणि त्यातलं २५ वं बिल. रक्कम जुळत असेल तरच काढा. आणि एकाच सप्लायरची एकाच महिन्यात एकाच रकमेची दोन बिलं असतात, ट्रान्सपोर्टवाल्यांची आणि सिक्युरिटी एजन्सीची हमखास, तिथे ‘बहुतेक तेच’ न म्हणता दोन्ही पिवळी ठेवा, माणूस बघेल. क्रेडिट नोटची (माल परत गेल्यावर बिल कमी करणाऱ्या नोटची) शीट वेगळी येते २बी मध्ये, ती विसरू नका, बरेच जण फक्त पहिलीच शीट वाचतात आणि मग क्रेडिट जास्त घेतलं म्हणून नोटीस येते.

नावं आणि नंबर बदलून तीन क्लायंटच्या फाइली तयार करून ठेवतो, एक ट्रान्सपोर्टचा, एक औषधांच्या होलसेलवाल्याचा, एक साधा. औषधवाल्याची फाइल आधी लावा, परतीच्या मालाच्या क्रेडिट नोटा त्यात सगळ्यात जास्त आहेत. व्यक्तिगत मेसेज करा, २१ नंतर.